टोपातलं अंगण

१२ नोव्हेंबर २००६

आज सेनगावला राहायला आलो. साखऱ्याच्या फाट्यावर जीप मिळाली. मागच्या पायरीवर लटकून यावं लागलं, पण माझ्या ट्रंकेला ओरखडासुद्धा पडला नाही. शिवहारभाऊंचा फोटो स्टुडिओ बाजारगल्लीत आहे. त्याच्या मागची खोली मला दिली आहे. तिला स्वतंत्र दार आहे आणि आतून कडी आहे. लावून पाहिली, घट्ट लागते.

माझं काम लग्नाच्या सीड्यांवर नावं टाकायचं. आधीच्या मुलाने एका सीडीवर नवरीच्या जागी करवलीचं नाव टाकलं होतं आणि अख्खं वऱ्हाड भांडायला दुकानात आलं होतं. म्हणून भाऊंना नीट लिहिणारा माणूस हवा होता. मी नववी नापास आहे, पण ते गणितामुळे. भाऊंनी काही नावं लिहायला लावली, कागद वाचला आणि म्हणाले, काहून रे, नववीत तू नापास झाला का गुरुजी? माझं स्वतःचं नाव मी दिपक असं लिहितो. कोशात दीपक आहे हे मला माहीत आहे. पण शाळेच्या दाखल्यावर दिपक आहे, आणि दाखल्याच्या विरुद्ध जायला मला भीती वाटते.

दुपारी भाऊंच्या बायकोने, अंजलीवहिनींनी जेवायला बोलावलं. मी दारातच घुटमळत होतो, तर म्हणाल्या, आम्ही धनगराची माणसं, जो लाजतो त्याला आम्ही मेंढरावाणी हाकून पाटावर बसवतो. वरण, भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी होती. पोटभर जेवलो.

तांड्यावर आता याडी एकटी. आमच्या बोलीत आईला याडी म्हणतात. बाप वारल्यापासून आम्ही दोघंच आहोत. मी ऊसतोडीला गेलो नाही, सावलीतली नोकरी धरली, म्हणून ती खूश आहे. निघताना म्हणाली, मी बाजारला येत जाईन, तुझं तोंड दिसलं म्हणजे झालं.

फार बरं वाटतं आहे. खोलीला खिडकीसुद्धा आहे.

२९ नोव्हेंबर

भाऊंनी नांदेडहून एक यंत्र आणलं. तिथलं खेळांचं दुकान बंद पडलं, त्यांनी स्वस्तात काढून टाकलं. मोटारसायकलवाल्यासारखा जाड टोप आहे. आत दोन्ही डोळ्यांपुढे छोटे पडदे आहेत आणि मागून निघालेली वायर कॉम्प्युटरला लागते. टोप घातला की जे चित्र लावलं असेल त्याच्या आतच आपण उभे आहोत असं वाटतं. मान फिरवली की सगळं बरोबर फिरतं. भाऊंनी मला घालायला लावला. आत मोटारींची शर्यत होती, मी खुर्चीवरून खाली पडलो. भाऊ हसून हसून बेजार झाले.

पण त्यांच्या मनात शर्यत नाही. दिवाळी झाली की तांड्यांवरची तरणी माणसं ऊसतोडीला जातात, ती उन्हाळ्यात परत येतात. मागे म्हातारी माणसं राहतात. भाऊ कॅमेरा घेऊन कारखान्याकडे जाणार, तोडीवाल्यांच्या कोप्यांवर, पाचटाच्या झोपड्यांवर फिरून लेकरांचं शूटिंग करणार, आणि इकडे म्हातारीला टोपात लेकरू भेटवणार. ते म्हणाले, फोटोत लेकरू बघायला भेटते, याच्यात लेकराला भेटायला भेटते.

नमुना म्हणून पहिलं शूटिंग माझंच केलं. हिरव्या पडद्यापुढे फिरत्या स्टुलावर उभं केलं आणि चारी बाजूंनी घेतलं. मान हलव, हस, हात पसर, हां याडी म्हण. मागे लावायला आमच्या अंगणाचा फोटो मीच तांड्यावर जाऊन काढून आणला. आमचं कुडाचं घर, लावलेलं दार, लिंबाची सावली. मग प्रत्येक हालचालीला एकेक बटण दिलं. बटणं दाबायचं काम माझ्याकडे आहे. समोरचा माणूस काय बोलतो ते ऐकायचं आणि त्याप्रमाणे मान हलवायची, नाहीतर हसवायचं.

काम झाल्यावर टोप घालून मी मला बघितलं. तो माझ्यापेक्षा सरळ उभा राहतो. हात कुठे ठेवायचे हे त्याला कळतं.

१७ डिसेंबर

आमच्याच तांड्यावरची मोतीबाई पहिली आली. तिचा मुलगा सेवा तोडीला गेला आहे. भाऊ त्याचं शूटिंग मागच्या आठवड्यात घेऊन आले होते.

मला वाटलं होतं की ती घाबरेल. तिनं टोप घातला, उभी राहून हात पुढे केले आणि रडायला लागली. भाऊ दचकले. मी त्यांना समजावून सांगितलं. आमच्यात माणूस लांबून किंवा फार दिवसांनी आला की घरची बाई त्याच्या गळ्यात पडून सुरात रडते. ते दुःखाचं रडणं नसतं. मधल्या काळात काय काय झालं ते सगळं ती त्या रडण्यातच सांगते, कोण मेलं, कोणाची म्हैस व्याली, कोणी कसं छळलं. समोरच्याने मधून मधून हां म्हणायचं. रडणं पुरतं झालं की मग पाणी, मग जेवण. तोवर माणूस घरी आला असं आम्ही धरत नाही.

मोतीबाई रडत होती आणि मी हां देत होतो. कुठे द्यायचा ते मला लहानपणापासून माहीत आहे. शेवटी तिनं डोळे पुसले, टोप काढला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, सेवा अंगानं भरला रे, मला वाटलं होतं वाळून गेला असेल. मग भाऊंना दम दिला की पुढच्या बाजारला त्याला अंगात स्वेटर घाला, थंडी किती आहे.

आम्ही खूप हसलो. पण मोतीबाईचा चेहरा खरंच हलका झाला होता. आपण चांगलं काम करतो आहोत असं वाटलं.

१४ जानेवारी २००७

याडी आज महिन्यानंतर आली. कनेरगाव नाक्याला मामाकडे कापूस वेचायला गेली होती. संक्रांतीच्या बाजाराची गर्दी होती. मी दुकानाच्या पायरीवर एका गिऱ्हाईकाला पावती देत होतो. तिनं डोक्यावरचं गाठोडं खाली टाकलं आणि तिथेच माझ्या गळ्यात पडली, आणि सूर लावला.

समोरच्या हॉटेलातली माणसं बाहेर आली. दोन पोरं तिच्यासारखा सूर काढायला लागली. गिऱ्हाईक म्हणालं, कोणी गेलं का हो? माझे कान तापले. मी तिचे हात गळ्यातून सोडवले आणि हळूच म्हणालो, याडी, इथं नको.

ती एकदम थांबली. अर्ध्यात थांबलेलं रडणं मी कधी ऐकलं नव्हतं. ती पदर तोंडाशी धरून उभी राहिली, आणि आता काय करायचं हे तिला कळेना, मलाही कळेना.

भाऊंनीच वाट काढली. म्हणाले, मावशी, आत या, तुमचं लेकरू आत बी आहे, त्याला लाज न्हाई वाटत. तिला खुर्चीत बसवलं, टोप घातला आणि माझा नमुना लावला. तिनं राहिलेलं रडणं तिथं पुरं केलं. मी कॉम्प्युटरच्या पडद्याच्या अलीकडे बसून हां देत होतो. मामाच्या घरचं भांडण, तिच्या गुडघ्याचं दुखणं, रात्री एकटीला झोप येत नाही ते. हे सगळं मला माहीतच नव्हतं.

मला सुटल्यासारखं वाटलं. खरं ते लिहितो.

जाताना तिनं माझ्याकडे बघून नुसती मान हलवली.

४ फेब्रुवारी

याडी आता प्रत्येक बाजारला येते आणि थेट खुर्चीकडे जाते. भाकरी आणते ती खुर्चीजवळच ठेवते. ती गेल्यावर मी खातो.

आज एक गोष्ट झाली. ती रडत असताना माझी पेन्सिल खाली पडली. ती उचलायला मी वाकलो. दोन्ही हात टेबलाखाली होते. हां ऐकू आला. बरोबर जागेवर.

वर बघितलं तर पडद्यावर मान डोलत होती. मी बटणांना हात न लावता तसाच बसून राहिलो. ती सांगत होती आणि तो ऐकत होता. एका ठिकाणी मी लगेच हां दिला असता, तिथे तो गप्प राहिला, आणि मग हळूच दिला. मला वाटलं, इथे असाच द्यायला हवा होता.

भाऊंना सांगितलं. म्हणाले, बटण अडकलं असन. कीबोर्ड उलटा करून झटकला, त्यातून भेळीचे चुरमुरे पडले. म्हणाले, हे बघ तुझं भूत.

१८ फेब्रुवारी

आज याडी दारात आली. मी काउंटरवरच बसलो होतो. तिनं भाऊंना विचारलं, दिपक आहे का?

भाऊ हसले. मीही हसलो. तिला थट्टा सुचली असं वाटलं, तिला थट्टा आवडते. मग ती माझ्याकडे वळून म्हणाली, पोरा, जरा ते चालू करून दे रे.

ती दुसऱ्यांच्या मुलांना पोरा म्हणते. मला नाही.

२५ मार्च

सेवा परत आला. कारखाना लवकर बंद झाला म्हणून त्यांची टोळी आधीच सुटली. आज दुपारी तो दुकानात आला. मला वाटलं टोप बघायला आला असेल. त्याने भाऊंची कॉलर धरली.

तो सांगत होता की तो अंगणात आला तर मोतीबाई धान्य निवडत बसली होती. तो उभा राहिला, वाट बघत राहिला. ती उठली नाही. गळ्यात पडली नाही. तिनं पाहुण्याच्या तांब्यात पाणी आणून दिलं आणि विचारलं, कोणत्या तांड्याचे तुमी? त्यानं सांगितलं की मी सेवा. ती म्हणाली, व्हय का, माझ्या लेकराचं बी नाव हेच, तो बाजारला भेटत असतो मला.

सेवा हे सांगताना हसत होता. मग म्हणाला, तिचं रडणं संपवून टाकलं रे तुम्ही, माझ्यासाठी काहीच ठेवलं न्हाई. आणि तिथेच पायरीवर बसून तो स्वतःच रडायला लागला. पुरुषाला तो सूर येत नाही. नुसता आवाज निघत होता.

भाऊ त्याला म्हणाले, चार दिवसांत होईल बराबर. माझ्याकडे बघितलं नाही.

१ एप्रिल

मी आज याडीला टोप लावून दिला नाही. तिच्यासमोर जमिनीवर बसलो. म्हणालो, मी दिपक आहे, मला सांग काय सांगायचं ते. इथेच रड, मोठ्याने रड, सगळा बाजार गोळा होऊ दे.

तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मला वाटलं झालं. मग म्हणाली, पोरा, तुझी आई कुठं असते? तिला भेटून ये. असं दुसऱ्याच्या आईपाशी बसू नये.

२ एप्रिल

ठरवलं. तो नमुना पुसून टाकायचा. भाऊंना न विचारता.

पुसण्याआधी एकदा बघून घ्यावं म्हणून टोप घातला. अंगण होतं. घर होतं. लिंबाची सावली होती. मी नव्हतो. चारी बाजूंना मान फिरवली. कुठेच नव्हतो.

फोटोत घराचं दार लावलेलं आहे. मीच काढलेला फोटो, छापलेली प्रत माझ्या ट्रंकेत आहे, आता परत काढून बघितली. दार लावलेलं आहे.

टोपात ते उघडं आहे.

३ एप्रिल

सगळं पुसलं. कॉम्प्युटरमध्ये माझ्या नावाचं काही राहिलेलं नाही. भाऊंना सांगितलं. रागावले नाहीत. तेही घाबरले आहेत. म्हणाले, टोप माळ्यावर टाक, मला तो समोर नको.

८ एप्रिल

याडी आली. लाइट गेलेली होती. मी सांगितलं की मशीन बिघडलं, आता कधीच चालू होणार नाही. मला वाटलं ती रडेल, भांडेल.

ती म्हणाली, राहू दे की. मी हेच सांगायला आले. आता मला इथं यायचं काम नाही. दिपक घरीच येऊन राहिला आहे.

२२ एप्रिल

आजच्या बाजारला आली नाही. मागच्याही नाही. मोतीबाईसुद्धा नाही.

सेवाला गाठून विचारलं. तो म्हणाला, मी सासरवाडीला निघून आलो. आमच्या घरात माझ्या ताटात कोणीतरी जेवतं. मी बघितलं नाही. ताट बघितलं. खरकटं असतं.

मग म्हणाला, तू तिकडे जाऊ नको.

६ मे

झोप नाही. कडी लावतो, उठून पुन्हा बघतो. भाऊंनी दुकान बंद ठेवलं आहे. वहिनी म्हणतात, तू तुझ्या आईपाशी जा रे बाबा, जिवंत माणसाचा हात लागला की सगळं ठीक होतं.

मी लाजलो नसतो त्या दिवशी, तर— 

असं लिहून उपयोग नाही. जायला हवं. माझी आई आहे. तिनं एकदा माझ्या गळ्यात पडून मला हाक मारली की बाकी काही असलं तरी— 

१३ मे, तांडा

दुपारी पोहोचलो. कुत्री अंगावर आली. आमचीच कुत्री. दगड उचलावा लागला.

याडी अंगण सारवत होती. मला बघून हात धुतले, बाज टाकली, पाहुण्याच्या तांब्यात पाणी दिलं. मी प्यालो नाही. मी सोबत शाळेचा दाखला आणला होता. माझं नाव, बापाचं नाव, तांड्याचं नाव, सगळं आहे त्यात. तिला वाचता येत नाही हे माहीत असून आणला. तिनं कागद उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाली, चांगलं अक्षर आहे. माझ्या दिपकचं बी असंच आहे.

मी तिच्या गळ्यात पडलो. मीच. सूर लावायचा प्रयत्न केला, बाया लावतात तसा. शेजारची लखमा कुडावरून बघत होती, बघू दे. सगळं सांगितलं. खोली, टोप, भीती, सगळं. ती उभी राहिली, तिनं मला दूर केलं नाही. पाठीवर थोपटत राहिली. पण हां म्हणाली नाही. एकदाही नाही. मधल्या जागा तशाच रिकाम्या जात होत्या.

मग म्हणाली, भूक लागली असन तुला. खाऊन घे आणि उजेड आहे तोवर निघ. माझं लेकरू दिवेलागणीला येते. त्याला घरात परकं माणूस आवडत नाही.

तिनं एकच ताट मांडून ठेवलं आहे. झाकून.

मी निघालो नाही.

संध्याकाळ

लिंबाखाली बाजेवर बसून लिहितो आहे. ती चुलीपुढे आहे. गुणगुणते आहे. ती खूश आहे, इतकी खूश मी तिला कधी— 

लखमा आपल्या लेकरांना ओढून आत घेऊन गेली. दार लावलं. सगळीकडे दारं लावतात.

मोतीबाईच्या अंगणातून रडण्याचा सूर येतो आहे. भेटीचा. सेवा तर सासरवाडीला आहे.

दिवा लावला तिनं. बाहेर आली. वाटेकडे बघते.

कुत्री उठली. भुंकत नाहीत. शेपट्या हलवतात.

ती धावली. तिच्या गुडघ्यानं तिला धावता येत नाही, ती धावली.

मला तिची पाठ दिसते. तिचे हात कोणाच्या तरी गळ्यात आहेत. माझ्या उंचीच्या. सूर लावला तिनं, पुरा, मोठा, जसा तिनं त्या दिवशी बाजारात लावला होता. आज दिवसभर काय झालं ते सांगते आहे. सारवण. भाकरी. आणि— माझं सांगते आहे. एक पोरगं आलं आहे. तुझं नाव सांगते. गळ्यात पडून रडलं. मला त्याची कीव आली रे, त्याला मी काय करू— 

हां, याडी.

आवाज माझा आहे.

उठता येत नाही. 

रडणं थांबलं. पुरं झालं. आता ती बाजूला होते आहे. हात धरून त्याला आत आणते. मधेच थांबली, माझ्याकडे बोट केलं आणि त्याला समजावते आहे, हळू रे लेकरा, ते पोरगं भित्रं आहे, त्याला एकदम